मार लागलेली कंपोझिट स्प्रिंग: पुन्हा बसवायची की मोडीत काढायची?

गाडीखालच्या कंपोझिट पाट्यावर (काचतंतू आणि राळ यांच्या पट्टीसारख्या स्प्रिंगवर) ओरखडा दिसला की गॅरेजमध्ये सहसा दोनच गोष्टी होतात. एक तर ‘फायबर आहे साहेब, गेलं कामातून’ म्हणत धडधाकट पाटा काढून नवा मागवला जातो, नाहीतर भेगेत अ‍ॅराल्डाइट भरून, वर काळा रंग मारून गाडी रस्त्यावर सोडली जाते. पहिल्यात पैसे वाया जातात. दुसऱ्यात एखाद्या दिवशी नागपूरच्या वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर गाडी मागून बसते.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. लोक नुकसानीचा आकार पाहतात. लोखंडाला ते बऱ्याचदा चालून जातं. काचतंतूंच्या पाट्यात मात्र निर्णय तीन गोष्टींवर होतो: मार कुठे लागला, कोणत्या दिशेने लागला आणि तंतूपर्यंत पोचला का. वीतभर ओरखडा निरुपद्रवी असू शकतो आणि नखाएवढा आडवा छेद पाटा बाद करू शकतो. शिवाय तपासणीचा क्रम चुकला तर पुरावाच पुसला जातो. गाडी आधी धुतली, आधी जॅकवर चढवली की अर्धी माहिती तिथेच गेली. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## आधी हे ठरवा: तुमच्या गाडीत ही स्प्रिंग आहे का?

साधा उपाय म्हणजे लोहचुंबक. स्प्रिंगला चिकटला तर ती पोलादी, मग वर प्लॅस्टिकचं कितीही जाड आवरण असो. चिकटला नाही तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांपैकी व्होल्वोच्या दुसऱ्या पिढीच्या एक्ससी९० मध्ये मागे, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारा आडवा कंपोझिट पाटा असतो. पण एअर सस्पेन्शनच्या मॉडेलमध्ये तो नसतो, तिथे हवेचे फुगे असतात. त्यामुळे ‘एक्ससी९० आहे’ एवढ्यावर पाटा मागवू नका, चॅसिस नंबरवरून खात्री करा. बाहेरून आणलेल्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये १९८४ पासून २०१९ पर्यंतच्या मॉडेलांत पुढे-मागे दोन्हीकडे आडवे कंपोझिट पाटे आहेत. काही पिकअप आणि हलक्या मालवाहू गाड्यांना लांबीच्या दिशेने बसणारे कंपोझिट पाटे असतात. काही ऑडींमध्ये काचतंतूंची गुंडाळीची स्प्रिंगही येते, ती फिकट हिरवट दिसते.

प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण ताण कोणत्या बाजूला येतो हे प्रकारावर ठरतं. हिरव्या वेळूची कामटी वाकवून पाहा. बाहेरच्या बाजूचे धागे ताणले जातात, आतल्या बाजूचे दाबले जातात. कामटी लांबीच्या दिशेने चिरली तरी बराच वेळ तग धरते, पण ताणलेल्या बाजूवर विळ्याने आडवी खाच पाडली की तिथेच मोडते. कंपोझिट पाट्यात काचेचे तंतू असेच लांबीच्या दिशेने असतात, राळ त्यांना फक्त एकत्र धरून ठेवते.

- आडवा पाटा (व्होल्वो, कॉर्व्हेट): चाकं टोकांना वर ढकलतात, सबफ्रेम (पाटा आणि चाकांचे जोड धरणारी चौकट) आतल्या बाजूला खाली दाबून धरते. ताण खालच्या पृष्ठावर येतो. दुर्दैव असं की गिट्टी, गतिरोधक आणि जॅक यांचा मारही तिथेच बसतो.
- लांबीचा पाटा (पिकअप): अ‍ॅक्सल मध्यावर वर ढकलतो, चॅसिस दोन्ही टोकांना खाली दाबते. ताण वरच्या पृष्ठावर येतो.
- गुंडाळीची स्प्रिंग: तार पिळली जाते, त्यामुळे सुरक्षित अशी बाजूच नाही. तंतू कुठेही उघडा पडला की बाद.

## टप्पा १: गाडी उचलण्याआधी मोजमाप आणि चौकशी

पहिला अर्धा तास गाडी न उचलता जायला हवा.

मालकाला किंवा ड्रायव्हरला विचारा: मार कशाने लागला? उमरेड-सावनेरकडच्या कोळशाच्या ट्रकमधून पडलेलं ढेकूळ, सिमेंट रस्त्याच्या तुटक्या कडेवरून चाक खाली उतरणं, उंच गतिरोधक की पंक्चरच्या दुकानातला जॅक? शेवटच्या दोन महिन्यांत सायलेन्सरला वेल्डिंग झालं का? खालून कोटिंग मारलं का? गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का? या चार उत्तरांवरून पुढे नेमकं कुठे पाहायचं ते ठरतं.

मग उंची मोजा:

1. सपाट फरशी हवी. पेट्रोलपंपाचा उतार असलेला सिमेंटचा ओटा चालत नाही.
2. टायर थंड असताना चारही टायरांची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे करा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावरून आलेल्या टायरची हवा जास्तच दाखवते, म्हणून हे सकाळी करा.
3. डिकी रिकामी करा. स्टेपनी आणि हत्यारं जागेवर असू द्या.
4. गाडी तीनेक मीटर पुढे-मागे ढकला. मग मागची बाजू तीन-चार वेळा दाबून सोडा, म्हणजे बुशमधला (पाटा आणि जोड धरणाऱ्या रबरी गाद्यांमधला) अडकलेला ताण सुटतो.
5. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही चाकांवर मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात मिसळते.

डाव्या-उजव्यातला ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. १० मिलिमीटरच्या वर गेला तर कारण सापडल्याशिवाय पाटा पुन्हा वापरायचा नाही, अशी कामापुरती मर्यादा धरा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

सावधान: आडवा पाटा दोन्ही चाकांना सामाईक असतो. नुकसान मध्यावर असेल तर दोन्ही बाजू सारख्याच खाली बसतात आणि डावी-उजवी तुलना ‘सगळं ठीक’ सांगते. म्हणून मॅन्युअलमधल्या उंचीशी किंवा त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीशीही ताडून पाहा. हा मुद्दा सर्वाधिक वेळा सुटतो.

विम्याचा दावा करायचा असेल तर याच टप्प्यावर फोटो काढा आणि सर्व्हेअरला कळवा. पाटा खोलल्यानंतर दाखवलेल्या नुकसानीवर वाद होतो.

## टप्पा २: गाडी उचलणे

जॅक कंपोझिट पाट्याखाली कधीही लावायचा नाही. इतकं साधं वाक्य, पण गाडीखाली वाकून पाहिलं की मधोमध दिसणारा रुंद काळा पट्टा जॅकसाठीच केल्यासारखा वाटतो. ट्रॉली जॅकची लोखंडी कप त्या पट्ट्याच्या ताणलेल्या पृष्ठावर गाडीचं वजन एका बिंदूत उतरवते. वर एक गोल खूण उमटते, आत थर सुटतात. बऱ्याचदा रस्त्यावरच्या खड्ड्याने पाट्याचं काही बिघडत नाही, आणि पंक्चर काढणाऱ्याच्या जॅकने बिघडतं.

- दोन खांबी लिफ्ट असेल तर हात कंपनीने दाखवलेल्या चार बिंदूंवरच लावा.
- ट्रॉली जॅक असेल तर ठरलेल्या जॅक पॉइंटवर रबरी पॅड ठेवून उचला आणि लगेच जॅक-स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही.
- गाडी टो करून आणायची असेल तर फ्लॅटबेडवरच, आणि पट्टे चाकांना बांधा. पाट्यावरून साखळी किंवा पट्टा ओढला की कडेचे तंतू कापले जातात.

## टप्पा ३: धुण्याआधी पाहा, मग जपून धुवा

उचलल्यावर लगेच पाण्याचा फवारा मारू नका. धूळ बोलते. पाट्यावर सगळीकडे सारखी धूळ आणि एकाच ठिकाणी धूळ झटकलेली असेल तर मार तिथे बसला. बुशच्या कडेला पांढरी किंवा राखाडी पूड साचली असेल तर आत घर्षण चाललंय. फोटो काढा, मग पुढे जा.

धुण्यासाठी कोमट पाणी, गाडी धुण्याचा साधा शॅम्पू आणि मऊ ब्रश पुरे. काय वापरायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं:

- डिझेल किंवा रॉकेल नको. आपल्याकडे अंडरबॉडी डिझेलने पुसायची जुनी सवय आहे. ते भेगेत शिरून तिचा रंग सारखा करतं, भेग दिसेनाशी होते. रबरी बुशही फुगतात.
- आम्ल नको. वॉशिंग सेंटरवर रिम चमकवायला वापरतात ते द्रावण पाट्यावर उडू देऊ नका. साध्या काचतंतूला आम्ल खातं, आणि ताणाखाली असलेल्या तंतूत ते भेग पुढे सरकवत नेतं. अशा ठिकाणी पाटा तुटतो तेव्हा कुसळं न निघता, खडू मोडावा तसा सपाट तुटतो. बॅटरीचं पाणी सांडलं असेल तरी हीच भीती.
- थिनर, पेंट रिमूव्हर, तारेचा ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर यांपैकी काहीही नको. ‘जरा घासून बघतो किती खोल आहे’ म्हणणारा मिस्त्री घासतानाच तंतू कापतो.
- फवाऱ्याचं तोंड पाट्यापासून किमान हातभर लांब ठेवा. सुटलेल्या थरात जोराचं पाणी शिरलं की थर आणखी सुटतो.

काळं कोटिंग मारलेलं असेल तर: गंजरोधक रबरी कोटिंग ही नागपुरात पावसाळ्याआधीची नेहमीची विक्री आहे, आणि फवारणारा पोरगा लोखंड-फायबर असा भेद करत नाही. कोटिंगखालची भेग दिसत नाही, वाजवूनही कळत नाही. कोमट पाण्याने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने ते काढा. हीट गन लावायची नाही. सगळं निघत नसेल तर निदान दोन्ही बुशांच्या आजूबाजूचे १० सेंटिमीटर, मार लागलेली जागा आणि ताणाचं पृष्ठ मोकळं करा. तेवढंही मोकळं होत नसेल आणि गाडीला मार लागल्याचं नक्की असेल, तर न दिसलेला पाटा बाद धरायचा. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

तपासा: पुढे जाण्याआधी पाटा पूर्ण सुकलेला असावा. किमान दोन तास सावलीत, कॉम्प्रेसरची हवा लांबून.

## टप्पा ४: पाटा आखून घ्या

पांढऱ्या खडूने पाट्याचे भाग पाडा: डावं टोक, डाव्या बुशखाली, मधला भाग, उजव्या बुशखाली, उजवं टोक. प्रत्येक भागाला वरचं पृष्ठ, खालचं पृष्ठ आणि दोन कडा. वहीत तसाच नकाशा काढा. दिसलेली प्रत्येक खूण तिथे लांबी, दिशा आणि फोटोच्या क्रमांकासह नोंदवा. बोअर वाटतं, पण तीन महिन्यांनी ‘ही खूण तेव्हा होती का’ या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

बुशलगतचे भाग लाल खडूने वेगळे करा. वाकण्याचा जोर तिथे सर्वाधिक असतो आणि बुशखालचं काही दिसत नाही.

## टप्पा ५: चार तपासण्या

लागणारं सामान: दोन टॉर्च, १० पट भिंग, पोलादी पट्टी, पांढरं सुती कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, १० रुपयांचं नाणं. अंगावर नायट्रिल हातमोजे, चष्मा, एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचतंतूंची कुसळं कातडीत शिरली की सहज निघत नाहीत, आणि पूड फुप्फुसासाठी चांगली नाही.

नजर. टॉर्च समोरून मारू नका, पृष्ठाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. उंचवटा आणि खळगा सावलीने उठून दिसतात. पाहायचं काय? आडव्या रेषा, पांढुरके डाग (आत राळ तडकल्याची खूण), कडेला उठलेली कुसळं, फुगवटा, आणि तपकिरी किंवा काळपट झालेली जागा. दाबाच्या बाजूवर आडवी, किंचित उठलेली सुरकुती दिसली तर तिथे तंतू दुमडले आहेत. ती खूण बारीक दिसली तरी गंभीर आहे.

स्पर्श. सुती कापड लांबीच्या दिशेने, मग आडवं हलकेच फिरवा. कापड अडकलं तिथे तंतू उघडा आहे. भिंगातून पाहा: फक्त रंग आणि वरची राळ खरवडली आहे, की आतल्या काचेचे चमकते धागे तुटलेले दिसतात? संपूर्ण निर्णयाची खरी सीमारेषा हीच.

ओली तपासणी. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जागा पुसा आणि तिरप्या उजेडात पाहत राहा. पृष्ठ सुकतं पण भेगेतला ओलावा उरतो, म्हणून भेगेची गडद रेषा काही सेकंद मागे राहते. मे महिन्याच्या दुपारी अल्कोहोल डोळ्यांसमोर उडून जातं आणि काहीच दिसत नाही, म्हणून हे सकाळी, सावलीत, पंखा बंद करून करा. आजूबाजूला वेल्डिंग किंवा बिडी-सिगारेट नको, हे सांगायला नको.

आवाज. उन्हाळ्यात माठ घेताना बोटाने वाजवून पाहतो, तसंच. नाण्याच्या कडेने दर दोन सेंटिमीटरवर हलकं वाजवत जा, दोन्ही कडांजवळ एकेक ओळ आणि मधून एक. सलग खणखणीत आवाजात मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटला आहे. त्या जागेभोवती वाजवत जाऊन सीमा खडूने आखा.

इथे एक फसगत नेहमी होते. बुशजवळ आवाज मुळातच दबतो, कारण रबर तो पितं. म्हणून एका जागेचा आवाज स्वतंत्र ऐकून निर्णय देऊ नका. डाव्या बुशपासून ८ सेंटिमीटरवरचा आवाज उजव्या बुशपासून ८ सेंटिमीटरवरच्या आवाजाशी ताडा. दोन्हीकडे सारखा दबका असेल तर ते रबर. एकीकडेच बद्द असेल तर तो थर.

उष्णतेच्या खुणा वेगळ्या शोधा. पाट्याजवळच्या सायलेन्सरला वेल्डिंग करताना ओलं पोतंसुद्धा न टाकता काम उरकलेलं असतं. ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके रंगापुरते असतील तर ठीक, पण राळ तपकिरी होऊन चकाकी गेली आणि तंतू कोरडे दिसू लागले तर त्या जागेचं बळ गेलं. नागपूरचं ऊन याला कारणीभूत होत नाही. ४५ अंश हवा आणि त्याहून तापलेला डांबरी रस्ता पाट्याला झेपतो, गॅसची ज्योत झेपत नाही.

## टप्पा ६: निर्णय

मॅन्युअलमध्ये कंपोझिट पाट्याच्या नुकसानीची मर्यादा दिली असेल तर ती खालच्या सगळ्याच्या वर. मॅन्युअल गप्प असेल तेव्हा हे धरा.

पुन्हा वापरा: ओरखडा फक्त रंगात किंवा वरच्या राळेत आहे, कापड अडकत नाही, ओल्या तपासणीत रेषा उरत नाही, आवाज दोन्हीकडे सारखा आहे आणि उंची जागेवर आहे. पाचही हवेत. चार जुळले आणि पाचवं ‘जवळपास’ असेल, तर ते या गटात नाही.

बाद करा, वाद न घालता:

- ताणाच्या पृष्ठावर तंतू कापणारी आडवी खाच, कितीही लहान असो. जॅकची गोल खूण तंतूपर्यंत पोचली असेल तर तीही यातच.
- बुशखाली किंवा बुशलगत बद्द आवाज, फुगवटा किंवा नखाला लागणारी झीज.
- दाबाच्या बाजूवर तंतूंची सुरकुती.
- जळलेली राळ, आम्लाचा स्पर्श झालेली आणि पांढुरकी पडलेली जागा.
- टोकाला, जिथे पाटा लिंकला किंवा आर्मला (चाक धरणाऱ्या दांड्याला) जोडला जातो, तिथे कुठलीही भेग.
- गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये कुठेही उघडा तंतू.
- कारण न सापडलेला उंचीतला फरक, पृष्ठ कितीही स्वच्छ दिसो.

मधली परिस्थिती एकच आहे आणि सगळे वाद तिच्यावरच होतात: कडेला, बुशपासून दूर, लांबीच्या दिशेने उठलेलं बारीक कुसळ. वेळूच्या कामटीसारखाच इथेही पाटा लगेच मोडत नाही. पण लांबीची चीर सरकत सरकत बुशखाली पोचते, आणि तिथे पोचल्यावर ती दिसत नाही. मॅन्युअल परवानगी देत असेल तर मर्यादेत ठेवा. देत नसेल तर बाद. चिरेच्या दोन्ही टोकांना खडूने तारीख लिहून ‘बघू’ म्हणत गाडी चालवणं ही तपासणी नाही, पाट्यावर लावलेली पैज आहे.

भरणी करून चालत नाही का? अ‍ॅराल्डाइट, एम-सील किंवा फायबर बंपर दुरुस्त करणाऱ्याची राळ-चटई यांनी भेग बुजते, पण तुटलेले तंतू पुन्हा अखंड होत नाहीत आणि पाट्याचा जोर तंतूच पेलतात. भरणीमुळे उलट पुढच्या तपासणीत भेग लपते. बंपरवर हे काम चालतं, कारण बंपरवर गाडीचं वजन नसतं. पोलादी पाट्याच्या सवयीने ‘एक पान वाढवून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. कंपोझिट पाट्यावर लोखंडी पान आवळलं की त्याची कड रोज त्याच जागी घासते.

## टप्पा ७: काढायचा असेल तर

बुशखाली शंका असेल तर पाटा काढल्याशिवाय निर्णय होत नाही. आणि इथे सर्वात मोठा धोका आहे: चाक हवेत लटकलं तरी आडवा पाटा पूर्ण सैल होत नाही. आत साठलेला जोर बोल्ट सुटताच टोक फेकतो, तिथे हात किंवा तोंड असेल तर दुखापत गंभीर होते.

- त्या मॉडेलसाठी सांगितलेलं पाटा दाबून धरायचं हत्यार नसेल तर काम तिथेच थांबवा. बेल्ट, साखळी किंवा लाकडी ठोकळ्याचा जुगाड नको. जुगाडाने माणूस वाचला तरी पाटा वाचत नाही.
- खोलण्याआधी हेडलाइटच्या लेव्हल सेन्सरची लिंक आणि एबीएसची वायर मोकळी करा. आर्म खाली आला की त्या ओढल्या जातात.
- पाटा काढल्यावर सतरंजी किंवा रबरावर ठेवा, काँक्रीटवर नाही. हातातून कोपऱ्यावर पडलेला पाटा पुन्हा टप्पा ५ पासून तपासायचा.
- बुश काढून त्याखालची जागा स्वच्छ करा आणि चारही तपासण्या तिथे पुन्हा करा. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हेच सर्वात महत्त्वाचं. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तशा पुरात पाणी पाट्याला फारसं काही करत नाही. बुशमध्ये शिरलेला बारीक गाळ मात्र पॉलिश पेपरसारखा महिनोन्‌महिने घासत राहतो.

## टप्पा ८: पुन्हा बसवताना

पाटा चांगला ठरला तरी जुने बुश फाटलेले, फुगलेले किंवा चकचकीत गुळगुळीत झालेले असतील तर नवेच टाका. एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट पुन्हा वापरू नका. बुशला ग्रीस लावायचा मोह टाळा: कंपनीने सांगितलं नसेल तर कोरडं किंवा साबणाच्या पाण्याने बसवायचं. ग्रीसने रबर फुगतं आणि धूळ धरते.

आर्मचे बोल्ट आधी फक्त हाताने लावा. गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर आल्यावरच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. चाक लटकलेलं असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, उंची खोटी दिसते आणि लोक चांगल्या पाट्याला दोष देतात.

आडवा पाटा एकच असतो. लांबीचे पाटे आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा मात्र एका अ‍ॅक्सलवर जोडीनेच बदला. नंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटची लेव्हल तपासून घ्या.

तपासा: टप्पा १ मधली उंची पुन्हा मोजा, त्याच फरशीवर, तेवढ्याच हवेवर.

## टप्पा ९: रस्त्यावर आणि नंतर

पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, रिंग रोडवर, ४०-५० च्या वेगात. गतिरोधकावर कटकट आवाज आला तर थांबा. आवाज बुशचा असतो तेव्हा सहसा सावकाश, करकर असा येतो. पाट्याचा असतो तेव्हा झटक्यासरशी तडकल्यासारखा. समृद्धीवर १२० ने चालवून ‘टेस्ट’ घेऊ नका.

मग १०० किलोमीटरनंतर बोल्टचा टॉर्क आणि उंची, १,००० किलोमीटरनंतर पूर्ण नजर-स्पर्श तपासणी. त्यानंतर दर सर्व्हिसला आणि दर पावसाळ्यानंतर. नकाशाची वही गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.

## बाद झालेल्या आणि जुन्या पाट्यांबद्दल

बाद पाटा भंगारात अखंड देऊ नका. धुऊन, रंगवून तो ‘ओरिजिनल सेकंडहँड’ म्हणून परत बाजारात येतो. बुशच्या जागी दोन्हीकडे ठळक छेद मारा. कापताना पाणी टाकत, मास्क लावून, हाताच्या करवतीने कापा, कोरड्या ग्राइंडरने नाही. तुकडे पिशवीत बांधून द्या.

सेकंडहँड पाटा घेताना दुकानदार बुश काढू देत नसेल तर घेऊ नका. ताज्या काळ्या रंगाचा पाटा तर मुळीच घेऊ नका. भाग क्रमांक गाडीच्या चॅसिस नंबरशी जुळला पाहिजे, कारण एकाच मॉडेलच्या पाच सीटर आणि सात सीटर गाड्यांच्या पाट्यांचा जोर वेगळा असू शकतो, आणि बाहेरून ते सारखेच दिसतात.